ब्रह्मचर्याचें व्रत आणि मठाची गादी



हिंगोली जिल्ह्याचें नांव निघालें कीं औंढ्याचा नागनाथ आणि नरसीचे नामदेव हीं दोन नांवें पाठोपाठ येतात. ज्यांनीं ब्रह्मचर्याची शपथ घेतली ते धर्मपुरुष ती पाळतात काय, हा नाजूक प्रश्न आज ह्याच भूमीच्या आधारानें विचारावयाचा आहे.

आरंभीं एक घोटाळा दूर केला पाहिजे. देवाची पूजा करणारा गुरव किंवा विधि सांगणारा भटजी ब्रह्मचारी असावा, अशी अपेक्षा आपल्याकडे नव्हती. कित्येक धर्मकृत्यें तर सपत्नीकच करावयाचीं असतात. शपथ आहे ती संन्याशाची. रोमन कॅथलिक पंथानें मात्र ती पुरोहितावरच घातली. ११३९ सालच्या दुसऱ्या लॅटरन परिषदेनें पाद्र्याचा विवाह मुळांतच रद्द ठरविला. त्यामागें पावित्र्याची कल्पना होती. तशीच पाद्र्याच्या मुलांनीं देवस्थानच्या जमिनी वारसा म्हणून बळकावूं नयेत, ही व्यवहारी चिंताही होती. आमच्या मठांची गादी गुरूकडून शिष्याकडे जाते, पित्याकडून पुत्राकडे जात नाहीं, हें पाहिलें म्हणजे ही चिंता आपणांसही परकी वाटत नाहीं.

मग व्रत पाळलें गेलें काय? निष्ठेनें पाळणारे विरक्त पुष्कळ झाले, आजही आहेत. परंतु गिरी, पुरी, भारती हीं नांवें पहा. मूळचीं हीं दशनामी संन्याशांचीं नांवें. आज महाराष्ट्रांतील कितीएक गोसावी कुटुंबांचीं तीं आडनांवें आहेत. संन्याशाचें नांव आडनांव झालें, ह्यांतच अर्धें उत्तर आलें. ह्या संसारी गोसाव्यांस घरबारी म्हणतात. मृतास समाधि देण्याची संन्याशाची रीत त्यांच्यापैकीं अनेकांनीं राखली, पण लग्न लपविलें नाहीं. हा रिवाज पुढें न्यायालयापर्यंत गेला. दक्षिणेतील गोसाव्यांत विवाह केल्यानें महंताचें पद व मालमत्ता जात नाहीं, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयानें १८८० सालीं दिला.

परंतु समाज नेहमींच इतका समजूतदार नसतो. तेराव्या शतकांत आपेगांवच्या विठ्ठलपंतांनीं पत्नी हयात असतां संन्यास घेतला. गुरूला सत्य कळतांच त्यांनीं त्यांस घरीं धाडलें. गुरूची आज्ञा पाळली म्हणून विठ्ठलपंत पतित ठरले, आणि निवृत्ति, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताबाई हीं संन्याशाचीं पोरें म्हणून हिणविलीं गेलीं. मायबापांस देहान्त प्रायश्चित्त सांगितलें गेलें, अशी परंपरा आहे. व्रत एकानें घेतलें; दंड रुक्मिणीबाईंनीं आणि निरपराध मुलांनीं भरला.

ह्याच ज्ञानदेवांचे सोबती नामदेव. नरसी हें त्यांचें जन्मस्थान मानतात, आणि औंढ्यास विसोबा खेचरांकडून त्यांस उपदेश झाला अशी श्रद्धा आहे. पत्नी राजाई आणि मुलेंबाळें असतांना नामदेवांनीं भक्तीचा झेंडा पंजाबापर्यंत नेला. वारकरी पंथानें असा गृहस्थ संत म्हणून स्वीकारला, म्हणून त्या पंथांत ह्या बाबतींत चोरटेपणाला कारणच उरलें नाहीं. ज्याला संसार नको त्याच्या विरक्तीसही मान राहिला, पण ती योग्यतेची अट झाली नाहीं.

तेव्हां दोष ब्रह्मचर्याचा नाहीं. स्वेच्छेनें पाळलेलें व्रत वंदनीयच आहे. दोष उत्पन्न होतो तो गादीसाठीं शपथ घेऊन आंत निराळें जीवन चालविण्यांत. तशा घरांतील स्त्रीला पत्नी म्हणवत नाहीं आणि मुलाला बापाचें नांव लावतां येत नाहीं. म्हणून कोणा महंताविषयीं कुजबूज ऐकूं आली, तर त्याच्या व्रताची चौकशी करण्याआधीं त्या स्त्रीची आणि त्या मुलांची चौकशी आपण करावी. घरबारी गोसाव्यांनीं उघडपणें जें मान्य केलें, त्यांत ह्या दोघांची लाज राखली गेली होती, एवढें ध्यानांत ठेवून मी आपली रजा घेतों.