पाण्याची रेघ
(माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितले, 'तुझ्या कामाबद्दल दहा मिनिटे बोल.' मी विम्याचा सर्व्हेअर आहे. आग लागली, पूर आला, भिंत पडली की नुकसान मोजायला जो माणूस टेप आणि वही घेऊन येतो, तो मी. आम्हाला विमा कंपनी नेमते आणि पैसेही तीच देते. पण परवाना सरकारी नियामकाचा असतो आणि दोन्ही बाजूंना धरून बरोबर आकडा काढावा, अशी अपेक्षा असते. लोक मात्र आम्हाला पाहून पाहुणा आल्यासारखा चहा टाकतात आणि चोर आल्यासारखे बघतात.

आज मी आधी माझी एक चूक सांगणार आहे. ती आपल्याच वर्गातल्या एकाच्या बाबतीत झाली. तो इथे बसला आहे. परवा त्याची परवानगी घेतली, तर म्हणाला, 'सांग, पण नाव घेऊ नकोस, उधारीवाले सावध होतील.'

२००४ साली त्याचे किराणा दुकान होते, आपल्या खडवलीतच, नदीकडच्या बाजूला. मी या धंद्यात नुकताच उमेदवारी करत होतो. त्याने मला विम्याचा कागद दाखवला. त्या काळच्या आगीच्या पॉलिसीत वादळ आणि पूर हा भाग वगळता येत असे, मग हप्ता थोडा कमी होई. त्याने विचारले, 'ठेवू की काढू?' मी मोठ्या जाणकारासारखा म्हणालो, 'तुझ्या दुकानात कधी पाणी आलंय का? कशाला पैसे घालवतोस?' त्याचे वर्षाला शंभर रुपयेही वाचले नसतील.

पुढच्याच वर्षी २६ जुलै आली. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे सगळ्यांना पाठ आहे. पण उल्हास, काळू आणि भातसा यांच्या काठच्या माणसांनी तो आकडा अंगावर घेतला. याच्या दुकानात कमरेएवढे पाणी होते. तिसऱ्या दिवशी मी गेलो, तेव्हा त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून पॉलिसी काढली आणि म्हणाला, 'बघ रे, होईल ना काहीतरी?' मी वाचले. मला माहीतच होते, तरी दोनदा वाचले. मग सांगितले. तो काही बोलला नाही. आत जाऊन चहा सांगून आला. दुकान पुन्हा पूर्वीसारखे व्हायला त्याला चार वर्षे लागली. वहिनींच्या पाटल्या त्यात गेल्या. त्याने मला त्यावरून आजवर एक शब्द ऐकवलेला नाही. ऐकवला असता तर बरे झाले असते.

दुसऱ्यांदा पाणी आले ते २०१९ साली. ४ ऑगस्टला आपल्या शेजारच्या जू नांदखुरी गावातून हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने ५८ जणांना बाहेर काढले, ते तुम्ही टीव्हीवर पाहिले असेल. पाणी उतरू लागल्यावर पहाटे याचा फोन आला, 'या वेळी पूर आहे पॉलिसीत. आता काय करू?' मित्राच्या नुकसानीचा सर्व्हे मी करणे बरोबर नव्हते. पण सांगू तर शकत होतो. जे त्याला सांगितले तेच तुम्हाला सांगतो.

आपल्या गणिताच्या सरांचे एक वाक्य आठवा. उत्तर बरोबर असले तरी रीत लिहिली नसेल तर ते मार्क देत नसत. विम्याचा दावा म्हणजे तेच. नुकसान झाले हे खरेच असते, पण रीत दाखवावी लागते.

पहिली पायरी : मुख्य स्विच बंद आणि माणसे सुरक्षित. दुसरी : कंपनीला लगेच कळवणे आणि दाव्याचा क्रमांक लिहून घेणे. एजंटला फोन केला म्हणजे कंपनीला कळवले, असे होत नाही. तिसरी पायरी सगळ्यात अवघड, कारण ती आपल्या संस्काराविरुद्ध आहे. पाणी उतरले की आपण आधी झाडू घेतो. गाळ काढतो, भिजलेले उकिरड्यावर टाकतो, भिंत धुतो. घर स्वच्छ होते आणि पुरावाही स्वच्छ होतो. भिंतीवर गाळाची जी रेघ राहते, ती पुसू नका. तिच्याशेजारी टेप धरून फोटो काढा. पाणी किती चढले, याचा तिच्यापेक्षा चांगला साक्षीदार नाही.

त्याला तांदळाची भिजलेली पोती ठेवून घेणे कठीण जात होते. वास सुटला होता. मी म्हटले, 'सर्व्हेअरला मेसेज करून लेखी विचार, प्रत्येक पोत्याचा फोटो काढ, मोज, यादी कर, नमुना ठेव आणि मग टाक.' जे कोरडे राहिले ते वर हलवायचे. वाचवता येण्यासारखे असून मुद्दाम भिजू दिलेल्या मालाचे पैसे मिळत नाहीत. बिले पाण्यात गेली होती. कल्याणच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून त्याने नकला आणल्या, बँकेचा उतारा आणि जीएसटीची विवरणपत्रे जोडली.

तलाठ्याचा पंचनामा त्याने करून घेतला, तेही योग्यच. पण लक्षात ठेवा, तो सरकारी मदतीसाठी असतो. विम्याला तो पूरक कागद आहे, सर्व्हेअरची जागा तो घेत नाही.

त्याला सगळे पैसे मिळाले का? नाही. मालाची किंमत खरेदीच्या भावाने धरतात, विक्रीच्या नाही. जुन्या फर्निचरवर घसारा कापला. पुराच्या दाव्यात तेव्हा पाच टक्के, निदान दहा हजार रुपये, आपल्या अंगावर राहत, तेही गेले. पण दिवाळीच्या आधी दुकान चालू झाले आणि कुणाच्या पाटल्या गेल्या नाहीत.

आता सरांचे त्रैराशिक. दुकानात वीस लाखांचा माल आणि विमा दहा लाखांचा. नुकसान चार लाखांचे. लोकांना वाटते चार मिळतील, कारण दहाच्या आतच आहे. मिळतात दोन. निम्मा विमा काढला म्हणून निम्मी भरपाई. सर, तुमचे हे गणित मी गेली वीस वर्षे रडणाऱ्या माणसांसमोर सोडवतो आहे.

१ एप्रिल २०२१ पासून यात थोडा दिलासा आहे. घरासाठी 'भारत गृह रक्षा' नावाची सगळ्या कंपन्यांची सारखी पॉलिसी आली. तिच्यात पूर धरलेला आहे आणि हे त्रैराशिक लावत नाहीत. घराची रक्कम जागेच्या बाजारभावाने नव्हे, तर बांधकामाच्या खर्चाने ठरते, त्यामुळे हप्ता वाटतो तेवढा मोठा नसतो. कल्याण-डोंबिवलीत तळमजल्यावर राहणाऱ्यांनो, सोसायटीचा विमा इमारतीचा असतो, तुमच्या फ्रिज-कपाटाचा नाही. दागिन्यांसाठी वेगळे सांगावे लागते. पाच कोटींपर्यंतच्या धंद्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आहे. तिच्यात विमा पंधरा टक्क्यांपर्यंत कमी पडला तरी चालतो, त्यापुढे त्रैराशिक आहेच.

२०२४ च्या नियमांप्रमाणे कळवल्यापासून चोवीस तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्यानंतर सात दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. अहवालाची प्रत मागा, लाजू नका. रक्कम पटली नाही तर मुकाट्याने सही करू नका, हरकत लेखी द्या. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. फक्त एक वर्षाच्या आत जा.

एवढे सगळे लक्षात राहणार नाही, मला ठाऊक आहे. म्हणून आज रात्री घरी गेल्यावर फक्त कपाटातली पॉलिसी काढा आणि तीन गोष्टी पाहा. तिच्यात 'पूर' आहे का? पत्ता बरोबर आहे का, की माल आता दुसऱ्याच गोदामात आहे? रक्कम आजच्या भावाची आहे का?

समजले नाही, तर येत्या रविवारी सकाळी दहापासून मी खडवलीला त्याच दुकानात बसणार आहे. दुकान कुठले ते आता सगळ्यांना कळलेच असेल. कागद घेऊन या. चहा तो देईल. मी मात्र या वेळी आधी पूर्ण वाचेन, मगच सल्ला देईन.