चार नंबरची बराक

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मी तुरुंग अधिकारी होतो, आता निवृत्त आहे. नोकरीचा बराचसा काळ जिल्हा कारागृहांत गेला. तुरुंग म्हटलं की लोकांना येरवडा आठवतं, आर्थर रोड आठवतो, अंडा सेल आठवतो. जिल्ह्याच्या गावातला, बसस्टँडपासून रिक्षाने दहा मिनिटांवरचा तुरुंग कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. आज त्याच्याबद्दल बोलतो. आणि मुद्दा एकच आहे: कुठल्या कैद्याला कुठे ठेवायचं, हे कोण ठरवतं?

कागदावर उत्तर सोपं आहे. आम्ही ठरवतो. नवीन बंदी आला की झडती होते, डॉक्टर तपासतात, हिस्ट्री तिकीट तयार होतं. कलम कुठलं, वय किती, पहिलाच गुन्हा की आधीचे आहेत, कुणाशी वैर आहे का, टोळीशी संबंध आहे का, हे सगळं बघून बराक ठरते. १८९४ चा कारागृह कायदा आहे, त्यातलं २७ वं कलम सांगतं की बायका वेगळ्या, एकवीस वर्षांखालची मुलं वेगळी, खटला चालू असलेले आणि शिक्षा झालेले वेगळे. इंग्रजांच्या काळातला कायदा, पण ही अक्कल त्यात होती.

आता जागा बघा. ३१ डिसेंबर २०२२ चा सरकारी आकडा सांगतो. देशातल्या सगळ्या तुरुंगांत मिळून जागा होती ४,३६,२६६ जणांची, आणि आत होते ५,७३,२२०. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारातले तीन असे, ज्यांचा निकालच लागलेला नाही. ही झाली देशाची सरासरी. मी ज्या तुरुंगाबद्दल बोलतोय, त्याचं नाव घेत नाही, तिथे मंजूर क्षमतेच्या दुपटीहून जास्त माणसं होती. रात्री कूस बदलायची तर शेजाऱ्याला सांगून बदलावी लागायची.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस. संध्याकाळी बराकी बंद व्हायच्या वेळेला पोलीस एका मुलाला घेऊन आले. वय एकोणीस. मोटारसायकल चोरीचा आरोप, पहिलाच गुन्हा. नियमाप्रमाणे तो तरुण बंद्यांच्या खोलीत जायला हवा. ती खोली भरलेली होती, त्यात दोन मुलांना खरूज झालेली. बाकी बराकींत पाय ठेवायला जागा नाही. थोडी जागा होती चार नंबरला. तिथे जागा का होती? कारण तिथे एका टोळीची माणसं होती आणि त्यांनी ती राखून ठेवलेली होती. मला हे माहीत होतं. मी म्हटलं, एका रात्रीचा प्रश्न आहे, सकाळी बघू. आणि सही केली.

सकाळी दुसरं काहीतरी निघालं. कोर्टाच्या तारखा, एकाला सिव्हिल हॉस्पिटलला न्यायचं, मुलाखतीची रांग. त्या मुलाचं बघायचं राहिलं, ते राहिलंच. तीन महिन्यांनी त्याला जामीन मंजूर झाला. पण जामीनदार आणायला घरी होती फक्त आई, ती ऊसतोडीला गेलेली. हुकूम झाला तरी मुलगा आतच. पुढे आणखी अकरा महिने.

मारहाण झाली का, असं लोक विचारतात. नाही. झाली असती तर आमच्या लक्षात आलं असतं. त्यांनी त्याला झोपायला जागा दिली, साबण दिला, कँटीनमधून बिस्किटं दिली. त्याने त्यांचे कपडे धुतले, निरोप पोचवले. आणि शेवटी त्याला जामीनदार त्यांनीच मिळवून दिला. जे काम सरकारी वकिली मदतीने व्हायला हवं होतं, आईला निरोप पाठवून आम्ही करायला हवं होतं, ते टोळीने केलं.

दीड वर्षाने तो परत आला. या वेळी खंडणी, सोबत तीच माणसं. मला बघून हसला आणि म्हणाला, "साहेब, चार नंबरलाच टाका. आपली माणसं आहेत तिथं."

म्हणजे वर्गीकरण झालंच होतं. फक्त आम्ही केलं नव्हतं.

तुरुंगात गर्दी झाली की वर्गीकरण थांबत नाही, ते दुसऱ्याच्या हातात जातं. कधी टोळीच्या, कधी पैशाच्या, कधी जातीच्या. जातीचं तर कित्येक राज्यांच्या नियमावल्यांतच लिहिलेलं होतं, कुणी झाडायचं आणि कुणी स्वयंपाक करायचा ते. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ ला असे नियम रद्द केले, नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. चांगलंच झालं. पण रकाना खोडला तरी रात्री बराकीत कोण कुणाशेजारी झोपतो, हे बघायला माणूस लागतो. आणि माणूस कुठे आहे?

आता मनुष्यबळाचा हिशेब सांगतो. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत सहा बंद्यांमागे एक पहारेकरी, असं प्रमाण दिलंय. ऐकायला भरपूर वाटतं. पण तुरुंगाला सुट्टी नसते. एका फाटकावर चोवीस तास, सातही दिवस एक माणूस ठेवायचा, तर आठवड्याचे १६८ तास होतात. एक शिपाई ४८ तास काम करणार. म्हणजे एकाच फाटकाला साडेतीन माणसं लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं तर चाराच्या वर. त्यात देशभरात मंजूर पदांपैकी साधारण तीस टक्के रिकामी. मग आठ तासांची ड्युटी बारा तासांची होते. बारा तास उभा राहिलेला शिपाई गिनती करतो, कुलूप ओढून बघतो. आतला एखादा मुलगा चार दिवस गप्प गप्प का आहे, हे त्याला दिसत नाही. त्याला दोष देऊ नका, मीही तेच केलं.

मग कमी पडणारी माणसं कुठून आणायची? कैद्यांतूनच. शिक्षा झालेल्या चांगल्या वर्तणुकीच्या बंद्याला पहाऱ्याचं काम देतात. १८९४ च्याच कायद्यात त्याला लोकसेवक मानलंय. काही जण हे काम प्रामाणिकपणे करतात. पण रात्री बराकीत टोळी आणि तो, दोघेच असले तर तो कुणाचं ऐकणार, तुम्हीच सांगा.

स्वतंत्र कोठड्यांचंही तसंच. असतात मोजक्या. तिथे खरा धोकादायक माणूस ठेवायचा. पण ज्याच्या जिवाला धोका आहे, तोही तिथेच. आणि ज्याची मनःस्थिती बिघडली, रात्रभर ओरडतो, तोही तिथेच. तिघांच्या गरजा तीन, उपाय एकच: दार लावून घ्या.

यावर लोक म्हणतात, नवे तुरुंग बांधा. बांधा ना, गरज आहेच. पण आधी हे बघा की आत ठेवायचं कारण नसलेले किती जण आत आहेत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ४७९ वं कलम आहे. पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडायचं; इतरांसाठी अर्धा काळ. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तर लागू नाही. अर्ज कुणी करायचा? तुरुंगाच्या अधीक्षकानेच, लेखी. आणि ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की जामीन मंजूर होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. माझ्या वेळी हा आदेश असता तर तो मुलगा आठव्या दिवशी कुणाच्या तरी यादीत आला असता. पण खरं सांगू? आदेश नव्हता म्हणून मला कुणी अडवलंही नव्हतं. एक पत्र मी तेव्हाही लिहू शकलो असतो.

आणि वर्गीकरणाची दुसरी बाजूही आहे. कुणावर विश्वास टाकता येईल, हे ओळखणं. आपल्याकडे त्याचा जुना नमुना आहे. औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची वसाहत सुरू झाली. उंच भिंती नाहीत, कैदी शेती करतात, कुटुंबासोबत राहतात. 'दो आँखें बारह हाथ' हा शांतारामबापूंचा १९५७ चा सिनेमा त्याच प्रयोगावरून सुचलेला. अशा खुल्या तुरुंगात पाठवता येण्यासारखे बंदी बंद बराकीत पडून असतात, कारण त्यांच्या फाइली तपासायला बसायला वेळ असलेला अधिकारी नसतो. तो माणूस खुल्यात गेला, तर बराकीत एक जागा मोकळी होते. एकोणीस वर्षांच्या एखाद्या मुलाला ती जागा पुरते.

तुमच्या ओळखीचं कुणी जामीन होऊनही आत अडकलं असेल, वकील नसेल, तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे जा. १५१०० वर फोन केला तरी चालतो. सल्ला फुकट आहे, आणि तुरुंगातल्या माणसाला वकीलही फुकट मिळतो.

त्या मुलाला दुसऱ्या खेपेला मी चार नंबरला टाकलं नाही. जागा करून तरुणांच्या खोलीत ठेवलं. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने अर्ज दिला, चार नंबरला बदली मिळावी म्हणून. अक्षर चांगलं होतं त्याचं. लिहायला तिथेच शिकला होता म्हणे.

येतो मी. नमस्कार.