वर्गांत जागा मिळाली, समितींत केव्हां?

(विद्यार्थिनींच्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



मुलींनीं शिकावें, परीक्षा द्यावी आणि मुकाट्यानें घरीं जावें. सरकारनें काय करावें, विद्यापीठ कसें चालावें, या गोष्टींत त्यांनीं तोंड घालूं नये, असें म्हणणारे लोक आजहि पुष्कळ आहेत. त्यांना आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, या महाराष्ट्रांत मुली शिकूं लागल्या आणि लागलीच बोलूंहि लागल्या. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली. पुढें त्यांच्या शाळेंत शिकणारी मुक्ता साळवे, मांग समाजांतली चौदा वर्षांची मुलगी, हिनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला आणि तो १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्रांत छापून आला. तिनें स्वतःपुरतें कांहीं मागितलें नाहीं. डोक्यावर धड छप्पर नसतां आपल्या समाजाच्या बाया बाळंतपणांत काय हाल सोसतात, हें तिनें लिहिलें. विद्यार्थिनीनें सार्वजनिक प्रश्नावर बोलणें हें अशा रीतीनें आमच्याकडे जुनेंच आहे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं निवेदन दिलें. सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामानें, आणि तींतला पैसा खर्च होतो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हें त्यांनीं उघड मांडलें. आजहि कोणत्याहि योजनेचा कागद हातीं आला कीं आम्हीं तेच प्रश्न विचारले पाहिजेत: पैसा कोणाचा, लाभ कोणाला आणि निर्णय कोणाचा?

तिसरा प्रश्न बायांनींच पुढें आणला. जुलै १९४२ मध्यें नागपुरास सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखालीं अस्पृश्य महिलांची परिषद भरली, डॉ. आंबेडकर तेथें हजर होते. हजारों कष्टकरी बाया आल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीकत्वाला बंदी, मजूर स्त्रियांना रजा, यांबरोबरच कायदेमंडळांत स्त्रियांना जागा हव्या, असा ठराव त्यांनीं केला. कॉलेजचा उंबरठा न पाहिलेल्या बायांना जें कळलें, तें पदवी घेणाऱ्या आम्हां मुलींना कळूं नये काय?

आतां आजचें पाहूं. २०१४ सालीं पुणें विद्यापीठाला सावित्रीबाईंचें नांव मिळालें. २०२४ सालीं महाराष्ट्र सरकारनें व्यावसायिक अभ्यासक्रम शिकणाऱ्या, ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या दुर्बळ व मागास वर्गांच्या घरांतील मुलींची फी माफ केली. या गोष्टी चांगल्या झाल्या. त्यांचें आम्ही स्वागतच करतों. परंतु फी म्हणजे सगळा खर्च नव्हे. खोलीचें भाडें, मेसचे पैसे, एस.टी.चें तिकीट हीं कोठें माफ झालीं? फी माफ झाली म्हणून बाप मुलीचा अर्ज भरतो, आणि वसतिगृहांत जागा नाहीं असें कळलें कीं तोच बाप स्थळें पाहूं लागतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं हें वर्म ओळखलें होतें. म्हणूनच त्यांनीं शाळेइतकेंच बोर्डिंगाला महत्त्व दिलें, १९२४ सालीं साताऱ्यास शाहू बोर्डिंग उघडलें. आणि तेथील पोरांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने, शेवटीं मंगळसूत्रहि मोडलें.

फी-माफीचा हुकूम लिहिणाऱ्यांत वसतिगृहांत राहणारी एखादी मुलगी असती, तर भाकरीचा व खोलीचा प्रश्न असा मागें पडला नसता. निर्णयाच्या जागीं आम्ही असलों म्हणजे काय होतें, याचें उदाहरण चंदीगडला आहे. २०१८ सालीं पंजाब विद्यापीठांत कनुप्रिया ही विद्यार्थी परिषदेची पहिली स्त्री अध्यक्ष निवडून आली. मुलांना रात्रीं मोकळीक आणि मुलींना कुलूप, हा भेद मोडण्यासाठीं मुलींनीं धरणें धरलें, आणि वर्ष संपण्यापूर्वीं तें कुलूप निघालें.

पण बहिणींनो, 'स्त्रीची जागा' म्हणून जी मिळेल, ती सुखवस्तु घरांतल्या मुलींनींच अडवली तर आमचें समाधान होणार नाहीं. मुंबईंत डॉक्टरकीचें पुढील शिक्षण घेणाऱ्या पायल तडवी या आदिवासी मुलीनें मे २०१९ मध्यें आपलें जीवन संपविलें. जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्याबरोबरच्या स्त्री डॉक्टरांवरच आला व खटला उभा राहिला. भेदभावाविरुद्ध विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २०१२ सालींच झाले होते. समान संधीचा कक्ष व स्वतंत्र अधिकारी त्यांत सांगितला होता. तरीहि ते नियम अमलांत यावेत म्हणून पायलची आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला या दोन मातांना २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयांत जावें लागलें. जें काम विद्यापीठांचें, तें लेंकरें गमावलेल्या आयांवर पडलें! याहून लाजिरवाणी गोष्ट ती कोणती?

म्हणून नुसत्या टाळ्या वाजवून उठूं नका. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीं आयोगानें २०१५ सालीं जे नियम केले, त्यांत विद्यार्थ्यांशीं संबंध असलेल्या प्रकरणीं समितींत तीन विद्यार्थी असावेत आणि ते निवडून आलेले असावेत असें स्पष्ट म्हटलें आहे. उद्यां आपापल्या कॉलेजांत जा आणि विचारा: आमचे तीन प्रतिनिधि कोण? त्यांची निवडणूक केव्हां झाली? समान संधीचा कक्ष कोठें बसतो? नांवें फळ्यावर लावा. लागलीं नाहींत तर लेखी अर्ज द्या, त्याची पोंच घ्या, आणि अर्जावर मांग, महार, माळी, मराठा, धनगर, आदिवासी, मुसलमान अशा सर्व मुलींच्या सह्या घ्या. वसतिगृहाचे नियम राहणाऱ्या मुलींना विचारून करा, आणि फी-माफीबरोबर खोली व जेवणाचीहि तरतूद करा, अशी मागणी सरकारकडे धाडा.

हें कोणाकडे भीक मागणें नव्हे. ज्या घामावर हीं विद्यापीठें उभीं आहेत, तो घाम आमच्या आयाबापांचा आहे. घर त्यांनीं बांधलें. त्या घराचे नियम ठरवितांना त्यांच्या लेकींना बाहेर बसवितां येणार नाहीं. इतकें सांगून आम्ही आपली रजा घेतों.