इंजिन उघडण्याआधी



नागपूरहून मोटारसायकलने पचमढीला निघालेला माणूस सावनेरला पोचतो, तोवर त्याच्या गाडीची परीक्षा सुरूच झालेली नसते. सावनेरला रस्ते फुटतात. एक पांढुर्ण्यावरून बैतूल-भोपाळकडे, दुसरा सौंसरवरून छिंदवाड्याकडे. या दुसऱ्या वाटेवर सौंसर मागे पडलं की सिल्लेवानीचा घाट, मग छिंदवाड्यापुढे तामिया आणि मटकुलीपासून पचमढीची चढण. मागच्या सीटवर माणूस, दोन्ही बाजूंना बॅगा आणि समोर रांगत चाललेला ट्रक. शहरात लपून राहिलेलं क्लचचं दुखणं अशा वेळी बाहेर येतं. आज त्या दुखण्याच्या निदानाबद्दल बोलू. दुरुस्ती मिस्त्रीच करेल.

मिस्त्रीकडे जाऊन आपण काय सांगतो? “गिअर कडक झालेत.” एवढंच. आणि एवढ्यावर त्याने इंजिन उघडलं, तर खर्च तेवढा नक्की. माझं मत विचाराल तर या तक्रारीत गिअरबॉक्स पुष्कळदा निर्दोष असतो. दोष क्लचमध्ये निघतो, आणि क्लचमध्येही आधी बाहेरच्या वायरमध्ये शोधावा.

आत काय घडतं ते थोडक्यात सांगतो. मोटारसायकलच्या गिअरच्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्याच असतात. आपण पाय मारतो तेव्हा एक गिअर बाजूला सरकतो आणि त्याच्या अंगावरच्या खुंट्या शेजारच्या गिअरच्या खाचांत बसतात. इंजिनाचा जोर चालू असताना त्या सहज सुटत नाहीत आणि नीट बसतही नाहीत. हा जोर तोडायचं काम क्लचचं. आपल्या बहुतेक गाड्यांत क्लचच्या प्लेटा इंजिन ऑइलमध्येच फिरतात. लिव्हर दाबल्यावर त्या पूर्ण मोकळ्या झाल्या नाहीत, तर मिस्त्री म्हणतो “क्लच सुटत नाही”. लिव्हर सोडल्यावर त्या घट्ट धरत नसतील, तर “क्लच स्लिप होतो”. या दोन तक्रारी एकमेकींच्या अगदी उलट आहेत, आणि सांगताना त्यांची सरमिसळ झाली की उपायही उलटाच होतो.

म्हणून पहिली तपासणी घरच्या अंगणात करा. इंजिन बंद ठेवून गाडी मधल्या स्टँडवर घ्या, मागचं चाक हाताने हळूहळू फिरवत सगळे गिअर टाकून पाहा. मधला स्टँड नसेल तर गाडी मागेपुढे हलवत पाहा. न हलवता पाहाल तर फसाल, कारण खुंटी खाचेसमोर आली नसेल तर चांगला गिअरही पडत नाही. इंजिन बंद असताना गिअर अलगद पडतात आणि सुरू असताना अडतात, तर क्लच सुटत नाही हे जवळपास ठरलं. सिग्नलवर न्यूट्रल लागत नाही, पण किल्ली बंद केली की लगेच लागतो, हीसुद्धा त्याचीच खूण. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाकडे असायचे आणि न्यूट्रलसाठी वेगळा छोटा लिव्हर असायचा. तिथे ही खूण झाकली जाई.

थंड इंजिनावर पहिला गिअर ‘खट्’ करून पडला तर घाबरू नका. रात्रभरात प्लेटा ऑइलने एकमेकींना चिकटतात. क्लच काही क्षण दाबून धरा, मग गिअर टाका. मात्र इंजिन तापल्यावरही, सपाट जागेवर क्लच पूर्ण दाबलेला असताना गाडी पुढे ओढत असेल, तर लक्ष घालायला हवं.

आता वायर. लिव्हरला थोडा मोकळा प्ले, म्हणजे वायर ओढली जाण्याआधीची ढिली हालचाल, हवा. किती, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. वायर वापरून लांबली की प्ले वाढतो आणि क्लच पूर्ण सुटत नाही. पण आतल्या प्लेटा झिजल्या की प्ले उलट कमी होतो. म्हणून प्ले आपोआप संपत चालला असेल, तर वायरपेक्षा प्लेटांचा संशय घ्या. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा. वळवल्यावर प्ले बदलला तर वायर कुठेतरी ताणली जाते आहे. काही मोठ्या गाड्यांत वायरऐवजी ब्रेकसारखं हायड्रॉलिक तेल असतं. तिथे लिव्हर दोन-तीनदा दाबल्यावर गिअर नीट पडू लागला, तर आत हवा शिरलेली असू शकते.

स्लिप ओळखणं सोपं आहे. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये एकदम थ्रॉटल द्या. इंजिन ओरडतं पण गाडी वेग घेत नाही, म्हणजे प्लेटा धरत नाहीत. कारण कधी झिजलेल्या प्लेटा, कधी थकलेल्या स्प्रिंगा, तर कधी निव्वळ ऑइल. कारसाठीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे पदार्थ असतात. कारला ते चालतात, पण मोटारसायकलच्या ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला घर्षणच हवं असतं. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए २’ लिहिलेलं बघून घ्या. ‘एमबी’ हा वर्ग स्कूटरसारख्या, असा क्लच नसलेल्या गाड्यांसाठी आहे.

आणि घाटात ट्रकच्या मागे हाफ क्लचवर गाडी धरून ठेवून प्लेटा झिजवणारेही आपणच असतो. अंतर सोडा, पहिला गिअर टाका, लिव्हर पूर्ण सोडा. जळका वास आला की थांबा आणि इंजिन निवू द्या.

इंजिन बंद असतानाही गिअर अडत असतील, तरी लगेच गिअरबॉक्सवर आळ नको. गाडी पडल्यावर गिअरचा लिव्हर वाकून इंजिनच्या कव्हरला घासतो का ते पाहा. प्रवासासाठी नवे जाड बूट घेतले असतील, तर चपलेच्या अंदाजाने बसवलेल्या लिव्हरखाली ते शिरतच नाहीत. लिव्हर जरा वर घ्या. चेन फार सैल असेल तर गचके बसतात, आणि त्याचं खापर गिअरवर फुटतं. हे सगळं ठीक असूनही एखादा गिअर, विशेषतः दुसरा, जोर दिल्यावर आपोआप सुटत असेल, तर आतल्या खुंट्या झिजल्यात किंवा गिअर सरकवणारा काटा वाकलाय. मग मात्र इंजिन उघडू द्या.

लांबच्या प्रवासाला निघण्याआधी एक काम करा. जुन्या क्लच वायरच्या शेजारून, त्याच वाटेने नवी वायर ओढून बांधून ठेवा. जुनी तुटली तर टाकी न काढता फक्त दोन टोकं बदलायची. आणि नव्या वायरची दोन्ही टोकं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, नाहीतर धूळ आणि पाणी जाऊन ती वापरण्याआधीच जड होते.