पत्रकारांचे फोन-तपशील आणि अमेरिकेतले नियम

पत्रकारांचे फोन-तपशील मागवण्यासाठी अमेरिकेच्या न्याय खात्याने स्वतंत्र नियम केले आहेत. मूळ नियम १९७० चे. फोन-तपशील त्यांत १९८० मध्ये आले. ॲटर्नी जनरलची संमती आवश्यक ठरली, आणि तीच माहिती आधी दुसरीकडून मिळवण्याचा प्रयत्न करणेही. अशा तपशिलांत संभाषण नसते. कोणता नंबर, कधी, किती वेळ, एवढेच असते. पण बातमी देणारा माणूस हुडकायला तेवढे पुरते.

मे २०१३ मध्ये असे एक प्रकरण उघडकीस आले. येमेनमधून रचलेल्या विमानस्फोटाच्या कटाची बातमी कोणी पुरवली, हे शोधताना खात्याने असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या २० हून अधिक फोनलाइनींचे सुमारे दोन महिन्यांचे तपशील परस्पर मिळवले होते. प्रतिनिधिगृहातली पत्रकारांची गॅलरीही त्यातून सुटली नाही. त्या बातमीशी काडीचाही संबंध नसलेल्या बातमीदारांचे संपर्क सरकारच्या हाती गेले, आणि याचे समर्थन होऊच शकत नाही.

मग तेव्हाचे ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांनी माध्यमांना पूर्वसूचना देण्याची अट कडक केली. पुढे त्याच पदावर असताना मेरिक गारलंड यांनी २०२१ मध्ये अशा मागणीवर जवळपास बंदी घातली. २०२२ मध्ये ती नियमांत आली. २०२५ मध्ये ॲटर्नी जनरल म्हणून पॅम बाँडी यांनी हे संरक्षण मागे घेतले. खात्याचे नियम खातेच बदलू शकते, म्हणून पत्रकार संघटना कायदा मागत आल्या आहेत. तसे ‘प्रेस ॲक्ट’ विधेयक प्रतिनिधिगृहाने जानेवारी २०२४ मध्ये मंजूर केले. सिनेटमध्ये ते अडले.