घाटमाथ्यावरच्या कुटुंबाचा पाच दिवसांचा प्रवास

कृष्णा नदीचा उगम महाबळेश्वरी होतो. तेथून पश्चिम समुद्र सरळ रेषेने अवघा 64 किलोमीटरांच्या आसपास आहे. परंतु कृष्णा त्याच्याकडे पाठ फिरवते आणि वाई, माहुली, कऱ्हाड, सांगली अशी पूर्वेची वाट धरून सुमारे 1,400 किलोमीटर चालून गेल्यावर बंगालच्या उपसागरास मिळते. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबांची गत या नदीसारखीच असते. समुद्र काही तासांच्या वाटेवर असतो. परंतु मधे सह्याद्री उभा असतो, नोकरी-शिक्षणाची वाट पुण्या-मुंबईस जाते, आणि घरातील वडील माणसांचे समुद्रदर्शन वर्षानुवर्षे लांबणीवर पडते.

महाबळेश्वरीच उगम पावणाऱ्या कोयनेची कथा मात्र निराळी आहे. तीही कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेस मिळते. पण 1962 पासून तिचे पुष्कळसे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेस पोफळीच्या भूमिगत वीजघरात उतरते, तेथून वाशिष्ठी नदीत जाते आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीवाटे समुद्रास मिळते. त्या वीजघरातील वीज मुंबईकडेही गेली. साताऱ्याच्या पाण्याने जी वाट धरली, तीच वाट घाटमाथ्यावरच्या कुटुंबानेही धरावी, म्हणजे चार-पाच दिवसांत समुद्र आणि मुंबई ही दोन्ही नीट पाहून होतात. ती वाट कशी आखावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

अशा प्रवासात बहुधा होणारी पहिली चूक म्हणजे हव्यास. पाच दिवसांची रजा मिळालेला गृहस्थ कागद घेऊन बसतो आणि त्यावर मुंबई, अलिबाग, मुरुड, गणपतीपुळे, मालवण व जमल्यास गोवा अशी दहा नावे लिहितो. नकाशावर ही स्थळे एकमेकांस चिकटून दिसतात. प्रत्यक्षात कोकणचा किनारा खाड्यांनी जागोजाग तोडलेला असून एका गावाहून समोर दिसणाऱ्या दुसऱ्या गावास जाण्यासही कित्येकदा मोठा वळसा पडतो. परिणामी पाचांपैकी तीन दिवस गाडीत जातात, मुले आजारी पडतात, आणि परतल्यावर कोणता किनारा कोणत्या गावचा हे कोणासच सांगता येत नाही. म्हणून पाच दिवसांसाठी मुक्कामाची दोनच ठिकाणे धरावी: किनाऱ्यावरील एक गाव आणि मुंबई.

दुसरा प्रश्न क्रमाचा. पुष्कळ लोक आधी मुंबई गाठतात, मग तेथून कोकणात उतरतात व आल्या वाटेने परत फिरतात. घाटमाथ्यावरच्या माणसास हे करण्याचे कारण नाही. कोकण त्याच्या परसात आहे. आधी घाट उतरून समुद्र पाहावा, तेथून आगगाडीने मुंबईस जावे आणि मुंबईहून घरी यावे, म्हणजे वर्तुळ पुरे होते व एकच वाट दोनदा तुडवावी लागत नाही. शिवाय शहरातील खरेदीचे ओझे शेवटच्याच टप्प्यात वाहावे लागते.

साताऱ्याच्या कुटुंबास कऱ्हाड, पाटण, कुंभार्ली घाट व चिपळूण ही वाट सोयीची. कऱ्हाडाहून चिपळूण सुमारे 100 किलोमीटर आणि तेथून गुहागर सुमारे 45 किलोमीटर आहे. गुहागरचा किनारा लांब व सरळ; मागे सुरूची झाडे, त्यामागे माडपोफळीच्या वाड्या आणि गावात व्याडेश्वराचे देऊळ. सांगलीच्या कुटुंबाने कोल्हापूरवरून आंबा घाट उतरावा. कोल्हापूर ते रत्नागिरी हे अंतर सुमारे 130 किलोमीटर आहे, व रत्नागिरीहून गणपतीपुळे जवळच आहे. सांगलीकरांस या वाटेचे आणखी एक अगत्य असावे. सांगलीच्या पटवर्धन घराण्याचे मूळ पुरुष हरभट हे रत्नागिरीजवळच्या कोतवडे गावचे व गणपतीचे उपासक. सांगलीच्या गणपतीची भक्ती अशी या किनाऱ्याहून घाट चढून वर आलेली आहे.

किनाऱ्यावर दोन रात्री काढल्यानंतर चिपळूण किंवा रत्नागिरी येथून कोकण रेल्वे गाठावी. 1998 साली ही रेल्वे सर्व अंतरावर खुली झाली, तत्पूर्वी या प्रवासास रस्त्यावाचून गत्यंतर नव्हते. त्याहीपूर्वीच्या पिढ्या बोटीने जात. दिवसा धावणारी गाडी निवडल्यास बोगदे, पूल व खाड्या पाहत चिपळूणहून पाच-सहा तासांत मुंबईच्या उपनगरांत पोचता येते. परतीस सांगलीकरांना रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची, कारण ती सकाळच्या सुमारास सांगलीस येते. साताऱ्यास मात्र ती ऐन झोपेच्या वेळी पोचते आणि स्टेशनही गावापासून दूर, माहुलीस आहे. म्हणून लेकुरवाळ्या कुटुंबाने दिवसाची कोयना एक्सप्रेस पत्करावी. रेल्वेचे आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी मिळत असे. नोव्हेंबर 2024 पासून ती मुदत 60 दिवसांवर आली आहे. दिवाळी व नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवावा.

ऋतूचा विचार त्याहून महत्त्वाचा. पावसाळ्यात हा बेत मुळीच करू नये. कोळी लोकांची नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटण्याची रीत निव्वळ धार्मिक नाही. खवळलेल्या समुद्राच्या शेकडो वर्षांच्या ओळखीतून ती आली आहे. 17 जुलै 1947 रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात कलंडली आणि 600 हून अधिक माणसे बुडाली. घाटांचीही तीच कथा. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत चिपळूण शहर पुराखाली गेले आणि त्याच दिवसांत पाटण तालुक्यात दरडी कोसळून गावे गाडली गेली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत उत्तम. मे महिन्यात हापूस मिळतो हे खरे. परंतु त्या उकाड्याची सवय घाटमाथ्यावरच्या वृद्धांस नसते.

महिना ठरल्यावर तिथी पाहावी. सुशिक्षित कुटुंबात हल्ली तिथी विचारली जाते ती बहुधा एकादशी-संकष्टीपुरतीच. कोकणात मात्र तिथीवरून समुद्राचे घड्याळ वाचता येते. तिथीच्या अंकास तिनांनी गुणावे व चारांनी भागावे. जो आकडा येईल, त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती असते, दिवसाही आणि रात्रीही. द्वादशीस बारा त्रिक छत्तीस, भागिले चार म्हणजे नऊ. सकाळी व रात्री नवाच्या सुमारास भरती आणि दुपारी तीनच्या सुमारास ओहोटी. चतुर्थीस तीन वाजता भरती, अष्टमीस सहा वाजता. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा हाच हिशेब धरावा. अर्ध्या-पाऊण तासाचा, क्वचित त्याहून अधिक फरक पडतो. परंतु स्वयंपाकघराच्या भिंतीवरील दिनदर्शिकेवरून घरबसल्या एवढे कळते, हे थोडे नव्हे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याचा चढउतार सर्वांत मोठा असतो, त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास तो सर्वांत कमी, ती भांगाची भरती. लहान मुले बरोबर असता अष्टमीच्या अलीकडचे-पलीकडचे दिवस निवडणे शहाणपणाचे.

हा हिशेब केवळ सोयीचा नाही, तो जिवाचा आहे. सांगली-साताऱ्याकडील मुले नदीत पोहायला शिकतात. कमरेस भोपळा बांधून घाटावरून पाण्यात उतरलेले पोर दोन उन्हाळ्यांत कृष्णा आडवी ओलांडते, आणि आपल्याला पाणी कळते असा त्याचा ग्रह होतो. तो ग्रह नदीपुरता खरा आहे. नदीची ओढ एकाच दिशेस असते व दोन्ही काठ डोळ्यांसमोर असतात. समुद्राचे पाणी येते आणि परत जाते. जाताना काही ठिकाणी ते अरुंद पट्ट्यातून वेगाने खोल पाण्याकडे ओढले जाते. वरून तेथे लाटा कमी दिसतात, म्हणून नवख्यास नेमकी तीच जागा निवांत वाटते. त्या ओढीत सापडलेला नदीचा पट्टीचा पोहणाराही किनाऱ्याकडे सरळ हात मारत राहतो, दमतो आणि बुडतो. अशा वेळी ओढीशी झुंजू नये. किनाऱ्यास समांतर पोहत तो पट्टा ओलांडावा आणि मग काठाकडे वळावे, किंवा नुसते तरंगत राहून हात वर करून मदत मागावी. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले 14 विद्यार्थी बुडाले. तो दिवस पावसाळ्याचा नव्हता, ही गोष्ट विसरता कामा नये.

यासाठी प्रत्येक कुटुंबप्रमुखाने तीन नियम घरूनच ठरवून निघावे. गावातील माणसास विचारल्यावाचून पाण्यात उतरू नये. ओहोटी लागली की सर्वांनी बाहेर यावे. आणि पाणी कमरेच्या वर जाऊ देऊ नये, मग पोहणारा कितीही तरबेज असो. तरुण मुलांना हे नियम जाचक वाटतात; परंतु ते घरी सांगितले तर पाळले जातात, किनाऱ्यावर ओरडून सांगितले तर लाटांच्या आवाजात विरून जातात.

आता मुंबईविषयी. दोन दिवसांत मुंबई पाहून होत नाही. तिचे दोन भाग मात्र पाहून होतात. पहिला दिवस कोट विभागास द्यावा. 1888 साली पूर्ण झालेले बोरीबंदरचे स्टेशन, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, 1833 सालचा टाउन हॉल, 1924 साली पुरे झालेले गेटवे ऑफ इंडिया आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ही सर्व एकमेकांपासून जवळ आहेत. घारापुरीची लेणी पाहायची असल्यास सोमवार टाळावा. त्या दिवशी ती बंद असतात. संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर बसावे. दोन दिवसांपूर्वी गुहागरास पाहिलेला समुद्र तो हाच, हे मुलांना तेथे सांगण्याजोगे आहे.

दुसरा दिवस लालबाग-परळास द्यावा. प्रवासाच्या पुस्तकांत या भागास फारशी जागा नसते. परंतु सातारा-सांगलीच्या कुटुंबास मुंबईत याहून जवळचे काही नाही. पर्जन्यछायेतील माण, खटाव, आटपाडी, जत आणि डोंगराळ पाटण येथून हजारो माणसे गिरण्यांत व गोद्यांत राबण्यास येथे आली, एकेका खोलीत पाळीपाळीने झोपली आणि गावाकडे मनीऑर्डरी पाठवीत राहिली. मुंबईने त्यांना ‘घाटी’ म्हटले, कधी नुसते ओळखीपुरते, कधी हिणवून. माथाडी कामगारांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्यातलेच. त्या चळवळीतून 1969 चा माथाडी कायदा झाला. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. आज त्यांच्या जागी उंच इमारती व दुकाने उभी आहेत. मधूनच एखादे धुराडे किंवा चाळ दिसते. ज्या घरातील आजोबा गिरणीत होते, त्या घरच्या नातवंडांना ती चाळ दाखवावी. कोणी नातलग अजून तेथे असेल, तर आगाऊ कळवून तासभर भेटावे. मुक्काम मात्र त्यांच्यावर लादू नये. दोन खोल्यांत सहा पाहुणे आले म्हणजे यजमानाच्या घरातील बाईवर काय ओढवते, हे गावाकडच्या बाईस सांगावे लागत नाही.

ज्यांना तीनच दिवस मिळतात, त्यांनी कोकणचा घाट सोडून द्यावा आणि मुंबईस अलिबाग जोडावे. गेटवेवरून मांडव्यास लाँच जातात. त्या पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारीसह माणसे नेणारी मोठी बोटही 2020 पासून सुरू आहे. अलिबागेस कुलाबा किल्ला ओहोटीत पायी जाऊन पाहता येतो. येथे तिथीचा तोच हिशेब कामास येतो: ओहोटी पुरी होण्याआधी निघावे आणि पाणी चढू लागण्यापूर्वी परतावे. किल्ल्यात रमल्यामुळे भरतीत अडकून पडणारे पुष्कळ असतात.

अखेरीस एक गोष्ट. घरातील बाईने पहाटे उठून दशम्या बांधायच्या, किनाऱ्यावरच्या खोलीत स्टोव्ह पेटवायचा आणि मुलांचे ओले कपडे पिळत बसायचे, असा प्रवास घरातल्या कामाहून दुप्पट होय. किनाऱ्यावरील गावांत आता घरगुती जेवणाची सोय जागोजाग होते. तेथील भात, सोलकढी व उकडीचे मोदक यांवर दोन दिवस काढावे. थोडा खर्च वाढला तरी एखादे ठिकाण गाळून तो भरून काढावा. वृद्धांची औषधे व ओळखीची कागदपत्रे हाताशी ठेवावी, बाकी सामान जितके कमी तितके बरे. आणि पाच दिवसांतील एक संध्याकाळ मुद्दाम रिकामी सोडावी. त्या संध्याकाळी कोठेही जायचे नसावे. आजीने वाळूत बसावे, पाणी पायाशी येऊ द्यावे आणि कोणी तिला उठण्याची घाई करू नये.