युनियन म्हणजे खोडा?

मी बडोद्यात बँकेच्या खिडकीमागे बसणारा कारकून. साहेबांच्या लेखी युनियन म्हणजे कामातला खोडा. संगणक तिनेच अडवले, असे ते आजही म्हणतात. अर्धे खरे आहे. विरोध झाला, पण १९८३ आणि १९९३ साली करारही झाले.

आमच्या शाखेत कोअर बँकिंग आले तेव्हा रांग रस्त्यापर्यंत गेली. प्रतिनिधीने पेन्शनवाल्यांसाठी वेगळी खिडकी मागितली. साहेब चिडले, आठवड्याने दिली. रांग ओसरली, श्रेय अर्थातच साहेबांचे!

१९७० च्या राष्ट्रीयीकरण कायद्याने संचालक मंडळातही कर्मचाऱ्याला खुर्ची दिली. २०१४ नंतर ती वर्षानुवर्षे रिकामी राहिली. २०१८ साली थकीत कर्जे शिगेला पोहोचली, तेव्हाही बहुतेक बँकांत त्या टेबलाशी आमचा माणूस नव्हता.